पीटर फिंच : सिडनीतील उमेदवारी आणि लंडनचा ‘शोध’

विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी चित्रपटात अभिनेत्यांची जी पिढी उदयास आली, तीत पीटर फिंच (१९१६–१९७७) याचे स्थान वादातीत आहे. ब्रिटिश फिल्म अकॅडमीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक त्याच्या वाट्याला पाच वेळा आले. अमेरिकेतील अकॅडमीचे अभिनयाचे पारितोषिक मरणोत्तर मिळालेला तो पहिला नट होय. त्याच्या कारकिर्दीचा वृत्तांत मात्र बहुधा एका आख्यायिकेपासून सुरू केला जातो. ऑगस्ट १९४८ मध्ये सिडनी येथील ओ’ब्रायन काचकारखान्यात दुपारच्या सुट्टीत कामगारांसमोर मोलिएरच्या ‘ल मालाद इमाजिनेर’ या प्रहसनाचा इंग्रजी प्रयोग झाला. प्रेक्षकांत लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हिअन ली हे दांपत्य होते. प्रमुख भूमिकेतील तरुण नटाचे काम पाहून ऑलिव्हिएने त्याला लंडनला येण्याचे निमंत्रण दिले आणि पुढील इतिहास घडला, अशी ती कथा आहे.

कथा खोटी नाही. प्रयोग झाला होता, पाहुणे आले होते, निमंत्रणही दिले गेले होते. आक्षेप आहे तो या कथेवर जे ओझे लादले जाते त्यावर. ‘ऑलिव्हिएने फिंचला शोधून काढले’ या वाक्यात असे गृहीत धरलेले असते की शोधापूर्वी तेथे कच्चा माल तेवढा होता व त्याला आकार लंडनने दिला. १९४८ च्या आधीच्या सुमारे पंधरा वर्षांकडे पाहिले असता हे गृहीतक टिकत नाही. किंबहुना फिंचच्या उत्तरायुष्यातील उत्तम भूमिकांचे मर्म आणि लंडनच्या रंगभूमीवरील त्याच्या अपुऱ्या यशाचे कारण, ही दोन्ही त्या पंधरा वर्षांतच सापडतात.

फिंचला ऑस्ट्रेलियन म्हणावे की नाही, हा प्रश्न प्रथम निकालात काढला पाहिजे. त्याचा जन्म २८ सप्टेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये झाला. कायद्याने त्याचा पिता असलेला जॉर्ज इंगल फिंच हा न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज येथे जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ व गिर्यारोहक. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्यांच्या साहाय्याने सुमारे ८,३०० मीटर उंची गाठून त्याने त्या काळचा उच्चांक प्रस्थापित केला होता. पुण्याच्या वाचकास हे नाव अपरिचित वाटू नये. १९५२ ते १९५७ या काळात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद याच जॉर्ज फिंचकडे होते. पीटरचा जन्मदाता मात्र हिंदी सैन्यातील दुसराच एक अधिकारी होता, ही गोष्ट पीटरला पुष्कळ उशिरा कळली. दांपत्य विभक्त झाल्यावर मूल आईपासून तोडण्यात आले व फ्रान्समध्ये आजीजवळ वाढले. आजी लॉरा फिंच थिऑसॉफीच्या नादी लागलेली होती. १९२५ मध्ये ती नातवाला घेऊन मद्रासजवळील अड्यार येथे आली, आणि पुढच्याच वर्षी मुलाची रवानगी सिडनीला एका चुलत आजोबांकडे झाली. दहा वर्षांच्या आत तीन खंड पाहिलेला हा मुलगा, ज्याला घर म्हणता येईल अशा ठिकाणी प्रथम आला तो सिडनीत. त्याचे शालेय शिक्षण, त्याची भाषा, त्याचा धंदा आणि सैन्यातील नोकरी ही सर्व ऑस्ट्रेलियातील आहेत. जन्मदाखल्यापेक्षा या गोष्टींना अधिक वजन देणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरेल.

शाळा सुटली ती जागतिक मंदीच्या तोंडावर. सिडनीच्या ‘सन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत मजकूर इकडून तिकडे पोचविणारा पोऱ्या म्हणून त्याने काम केले. पुढे जत्रेतील खेळांच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकांना हाका मारल्या, विनोदी नटाच्या शेजारी उभे राहून त्याला वाक्ये पुरविण्याचे काम केले. एकोणीस वर्षांचा असताना तो जॉर्ज सॉर्ली याच्या फिरत्या नाटकमंडळीत शिरला. ही मंडळी तंबू ठोकून खेड्यापाड्यांतून खेळ करीत असे. एका गावी मुक्काम, दुसऱ्या दिवशी तंबू मोडून पुढचे गाव. पावसाचा आवाज कापडी छतावर चालू असताना शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचविण्याची कसरत. अशा मंडळीत नट शिकतो ती तत्परता. सूक्ष्मता शिकण्यास तेथे वाव नसतो. फिंचला सूक्ष्मता ज्या ठिकाणी मिळाली ते ठिकाण रंगमंच नव्हे.

ते ठिकाण म्हणजे नभोवाणी. या माध्यमाचा फिंचच्या चरित्रांत उल्लेख येतो, पण चित्रपटाच्या वाटेवरील एक पायरी म्हणून. वस्तुस्थिती अशी की १९३० ते १९५० या दोन दशकांत ऑस्ट्रेलियातील अभिनयव्यवसायाचा कणा नभोवाणीच होती. बोलपटांच्या आगमनाने आणि मंदीने नाटकगृहांची वाताहत झालेली. देशी चित्रपटनिर्मिती इतकी तुटपुंजी होती की सर्वांत स्थिर अशी ‘सिनेसाउंड’ संस्थाही १९४० नंतर कथापटांच्या अखंड निर्मितीतून बाहेर पडली. केन हॉल याच्या दिग्दर्शनाखाली फिंचने त्या संस्थेच्या ‘डॅड अँड डेव्ह कम टू टाउन’ (१९३८) व ‘मिस्टर चेडवर्थ स्टेप्स आउट’ (१९३९) या चित्रपटांत कामे केली. परंतु अशा दोनतीन चित्रपटांवर नटाचे पोट भरत नसे. नभोवाणीवर भरत असे. सरकारी ‘ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशन’ अभिजात नाटकांच्या श्रुतिका करी. खाजगी केंद्रे साबण आणि चहाच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर मालिका चालवीत. युद्धकाळात अमेरिकन ध्वनिमुद्रित कार्यक्रमांच्या आयातीवर निर्बंध आल्यामुळे स्थानिक निर्मितीस मोठेच बळ मिळाले. मागणी असलेला नट एकाच दिवशी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात धावत असे, सकाळी राजपुत्र तर संध्याकाळी खुनी.

या धावपळीचा अभिनयपद्धतीवर काय परिणाम होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. श्रुतिकेत संहिता हातात असते, पाठांतर नसते, तालीम एखाददुसरी. देह निरुपयोगी असतो. जे काही करावयाचे ते आवाजाने, आणि तोही अवघ्या वीतभर अंतरावरील मायक्रोफोनसमोर. तेथे ओरडण्याने काम बिघडते. श्वासाचा आवाज ऐकू जातो, शब्दापूर्वीचा थांबा ऐकू जातो, ओठ कोरडे पडल्याचेही ऐकू जाते. पात्राच्या मनात चाललेला विचार शब्दाच्या आधी क्षणभर यावा लागतो. ‘कमिशन’मधील लॉरेन्स सेसिल या निर्मात्याने १९३९–४० या काळात फिंचकडून या शिस्तीचा कसून सराव करून घेतला. १९४६ व १९४७ या लागोपाठच्या वर्षी ऑस्ट्रेलियन नभोवाणीसाठी असलेले ‘मॅक्वारी’ पारितोषिक त्यालाच मिळाले. म्हणजे ज्या नटाचा १९४८ मध्ये ‘शोध’ लागला, तो आपल्या देशातील प्रमुख माध्यमात आधीच अग्रणी म्हणून मान्य झालेला होता, आणि देशभरच्या श्रोत्यांना त्याचा आवाज ठाऊक होता.

मधली चार वर्षे लष्करात गेली. जून १९४१ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. मध्यपूर्वेत व नंतर १९४२ मध्ये डार्विनवरील जपानी बाँबहल्ल्यांच्या वेळी विमानविरोधी तोफखान्यात त्याने काम केले. पुढे सैनिकांच्या रंजनासाठी नाटके बसविण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि १९४५ मध्ये रॅटिगनची दोन नाटके घेऊन तो छावण्या व रुग्णालये हिंडला. याच सुमाराच्या चार्ल्स शोव्हेल-दिग्दर्शित ‘द रॅट्स ऑफ टोब्रुक’ (१९४४) मधील त्याची भूमिका दुय्यम आहे, तरी चेहऱ्याची हालचाल जवळजवळ न करता कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे त्याचे कसब तीत दिसू लागते.

युद्धसमाप्तीनंतरचे त्याचे एक काम चरित्रकार सहसा दोन ओळींत आटोपतात. डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्स याने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यास पाठिंबा देण्यासाठी डच सरकारची नोकरी सोडली आणि सिडनीतच ‘इंडोनेशिया कॉलिंग’ (१९४६) हा लघुपट तयार केला. शस्त्रास्त्रे घेऊन जावाकडे निघालेली डच जहाजे अडविणाऱ्या ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांचा हा वृत्तांत आहे. त्यांच्या बहिष्कारात हिंदी खलाशीही सामील झाले होते. निवेदन कॅथरीन डंकनने लिहिले आणि वाचले पीटर फिंचने. चित्रणाची साधने अपुरी असलेल्या या लघुपटाचा तोल बव्हंशी निवेदनाने सांभाळला आहे. त्यात आवेश आहे, पण व्याख्यानबाजी नाही. येथेही हा मायक्रोफोनचाच नट आहे.

त्याच वर्षी सिडने जॉन के, ॲलन ॲशबोल्ट आदी सहकाऱ्यांबरोबर फिंचने सिडनीत ‘मर्क्युरी थिएटर’ स्थापन केले. के हा जर्मनीतून आलेला संगीतकार. ‘वाइनट्राउब्ज सिंकोपेटर्स’ या प्रसिद्ध जाझ-वाद्यवृंदातून तो ऑस्ट्रेलियात पोचला होता. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये शिळी झालेली नाटके उसनी आणण्याऐवजी युरोपीय अभिजात नाटक स्थानिक नटांनी करावे, आणि नाटकगृह मिळत नसेल तर प्रेक्षक असतील तेथे जावे, असे त्यांचे धोरण होते. शाळा, सभागृहे, कारखाने येथे नेता येईल असे सुटसुटीत नेपथ्य त्यांनी केले. तेव्हा काचकारखान्यातील तो प्रयोग म्हणजे कुणा गरजू नटांनी पाहुण्यांसाठी केलेली नमुन्याची कामगिरी नव्हती. एका नाट्यसंस्थेचा तो विचारपूर्वक आखलेला उपक्रम होता. आख्यायिकेत नट उरतो आणि संस्था नाहीशी होते, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

पाहुण्यांच्या बाजूचाही तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. ऑलिव्हिए १९४८ मध्ये ‘ओल्ड व्हिक’ मंडळी घेऊन ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला होता. त्याचा सिडनीत मुक्काम असतानाच, संस्थेच्या संचालकपदावरून आपल्याला दूर करण्यात येत असल्याचे पत्र त्याच्या हाती पडले. लंडनला परतल्यावर त्याला स्वतःच्या व्यवस्थापनाखाली नाटके उभी करावयाची होती आणि त्यासाठी करारबद्ध करता येतील अशा नटांची गरज होती. त्याच्या गुणग्राहकतेला यामुळे उणेपणा येत नाही. एवढेच दिसते की व्यवहारात गरज दोन्ही बाजूंना होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये फिंच लंडनला पोचला आणि मार्च १९४९ मध्ये ऑलिव्हिएच्या निर्मितीत, जेम्स ब्रायडीच्या ‘डॅफ्नी लॉरिओला’ या नाटकात, ईडिथ एव्हान्ससारख्या मातब्बर अभिनेत्रीसमोर त्याने एका पोलिश तरुणाची भूमिका यशस्वीपणे पार पाडली. चार महिन्यांत कच्चा नट पक्का होत नाही. जो आला तो तयार होऊनच आला होता.

या सुमारास ऑस्ट्रेलियात एक बोलका प्रसंग घडला. राष्ट्रीय रंगभूमीची योजना कशी असावी याविषयी सल्ला देण्यासाठी तेथील सरकारने १९४९ मध्ये इंग्रज दिग्दर्शक टायरोन गथ्री याला पाचारण केले. ब्रिटिश मंडळ्या ऑस्ट्रेलियात आणाव्यात आणि निवडक ऑस्ट्रेलियन नट शिक्षणासाठी लंडनला पाठवावेत, असा त्याच्या शिफारशींचा रोख होता. वर्षअखेरच्या निवडणुकीत सरकार बदलले व योजना बारगळली. परंतु फिंचच्या बाबतीत व्यक्तिशः जे घडले, त्यालाच येथे राष्ट्रीय धोरणाचे रूप देण्यात येत होते. ‘मर्क्युरी’ने आपल्या अग्रणी नटाविना आणखी काही वर्षे तग धरला, १९५० नंतरच्या दशकात ती संस्था बंद पडली.

लंडनच्या रंगभूमीवरील फिंचचा इतिहास मिश्र आहे. १९५१ मध्ये ऑर्सन वेल्सच्या ऑथेल्लोसमोर त्याने इयागो केला. १९५२ मध्ये ओल्ड व्हिकमध्ये ह्यू हंटच्या दिग्दर्शनाखाली केलेला त्याचा मर्क्युशिओ प्रशंसेस पात्र ठरला. तथापि रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वीची धास्ती त्याला जडली आणि वर्षागणिक तो नाटकापासून दूर सरकत गेला. याची कारणे त्याच्या मद्यासक्तीत किंवा व्हिव्हिअन लीशी जुळलेल्या संबंधात शोधण्याची प्रथा आहे. त्यांचा भाग असेलही. पण व्यावसायिक कारण त्याहून साधे आहे. वेस्ट एंडमध्ये एकच भूमिका महिनोन्‌महिने रोज त्याच उंचीवर करावी लागते. ज्याची घडण आठवड्याला अनेक भूमिका एकदाच करून सोडून देण्याच्या शिस्तीत झाली, त्याला हा क्रम जाचक वाटावा यात नवल नाही. चित्रपटात मात्र क्षण एकदाच साधावा लागतो, आणि कॅमेरा मायक्रोफोनइतकाच जवळ असतो.

१९५३ मध्ये ‘एलिफंट वॉक’साठी तो व्हिव्हिअन लीसमवेत सिलोनला गेला. (त्याच काळात त्याचे आडनाव धारण करणारा शास्त्रज्ञ पुण्यात प्रयोगशाळा चालवीत होता.) प्रकृती ढासळल्याने लीला तो चित्रपट अर्धवट सोडावा लागला व तिच्या जागी एलिझाबेथ टेलर आली. त्यानंतर रँक संस्थेशी करार झाला आणि ‘अ टाउन लाइक ॲलिस’ (१९५६) मधील क्वीन्सलँडच्या गुराख्याने त्याला पहिले ब्रिटिश पारितोषिक मिळवून दिले. नाव ऑस्ट्रेलियन गावाचे, नायक ऑस्ट्रेलियन, पण चित्रपट ब्रिटिश आणि त्याचे बरेचसे चित्रीकरण पाइनवुडच्या कलागृहातील. ‘द शिराली’ (१९५७) हा ईलिंग संस्थेचा चित्रपट या दृष्टीने अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. पाठीवर वळकटी टाकून कामाच्या शोधात गावोगाव भटकणारा मजूर आणि त्याच्या गळ्यात पडलेली त्याची चिमुरडी मुलगी, एवढीच डार्सी नायलंडच्या कादंबरीची सामग्री. फिंचने त्या माणसाला कोठेही गोड केलेले नाही. त्याच्या ऑस्ट्रेलियन भूमिकांत ही सर्वोत्कृष्ट होय, आणि तंबू-मंडळीबरोबर पाहिलेले रस्ते तिच्यामागे आहेत असे मानण्यास जागा आहे. त्याच वर्षी दक्षिण ऑस्ट्रेलियात चित्रित झालेल्या ‘रॉबरी अंडर आर्म्स’मध्ये तो दरोडेखोरांचा नायक झाला. मायदेशात चित्रित झालेला हा त्याचा अखेरचा चित्रपट.

पुढील काळातील चित्रपट पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक आज कोणी पाहत नाही. १९७३ चा संगीतप्रधान ‘लॉस्ट होरायझन’ हा तर सर्वांच्याच दृष्टीने फसलेला उद्योग होता. विचारात घ्यावयाच्या भूमिका चार. ‘द ट्रायल्स ऑफ ऑस्कर वाइल्ड’ (१९६०) मध्ये वाइल्डची वाक्चतुरता न्यायालयाच्या कठड्यात हळूहळू कशी निकामी होते, हे त्याने केवळ स्वराच्या उतारावरून दाखविले आहे. ‘नो लव्ह फॉर जॉनी’ (१९६१) मधील महत्त्वाकांक्षी मजूरपक्षीय सभासदाच्या भूमिकेबद्दल त्याला बर्लिनच्या महोत्सवातही पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये चेखॉव्हच्या ‘द सीगल’मधील ट्रिगोरिन करून त्याने रंगमंचाचा निरोप घेतला. त्यानंतर सात वर्षांनी आला जॉन श्लेसिंजरचा ‘संडे ब्लडी संडे’ (१९७१). यातील मध्यमवयीन ज्यू डॉक्टर एका तरुणावर प्रेम करतो. अशा संबंधाचे चित्रण त्या वेळी एक तर उपहासाने किंवा करुणेने करण्याचा रिवाज होता. फिंचने दोन्ही टाळून डॉक्टरला एक सभ्य, एकाकी, समंजस गृहस्थ म्हणून उभे केले. अखेरीस तो कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी सरळ बोलू लागतो. आवाज चढत नाही. समोर एकच माणूस बसला असावा अशा बेताने तो बोलतो, आणि श्रोत्याला घरात बसून ऐकवण्याची ती जुनी सवय ओळखू येते.

चौथी भूमिका ‘नेटवर्क’ (१९७६) मधील दूरचित्रवाणीच्या वृत्तनिवेदकाची. सिडनी लुमेटच्या या चित्रपटात हॉवर्ड बील हा निवेदक मनाचा तोल जाऊन थेट प्रक्षेपणातच संतापाचा उद्रेक करतो. अमेरिकन निवेदकाचे उच्चार या नटास साधतील काय, अशी शंका निर्मात्यांना होती. तेव्हा वृत्तपत्रातील मजकूर वाचून त्याने ध्वनिफीत धाडली आणि भूमिका मिळविली. साठीला आलेल्या या नटाने, वीस वर्षांच्या मानमान्यतेनंतर, पुन्हा एकदा केवळ आवाजाची परीक्षा दिली. प्रेक्षकांच्या स्मरणात बीलचा आक्रोश राहिला आहे. पण आक्रोशापूर्वीचे त्याचे संथ, थकलेले, जवळजवळ खाजगी बोलणे ऐकावे. उद्रेकाला विश्वसनीयता येते ती त्यामुळे.

१४ जानेवारी १९७७ रोजी बेव्हर्ली हिल्स येथील हॉटेलच्या दालनात हृदयविकाराच्या झटक्याने फिंचचे निधन झाले. मार्चअखेर झालेल्या समारंभात ‘नेटवर्क’बद्दलचे पारितोषिक त्याच्या पत्नीने स्वीकारले. पाचवे ब्रिटिश पारितोषिकही याच चित्रपटासाठी आणि मरणोत्तरच मिळाले. या घटनांच्या आगेमागे ऑस्ट्रेलियात काय चालले होते हेही नमूद केले पाहिजे. १९५९ पासून सिडनीत राष्ट्रीय नाट्यशिक्षणसंस्थेचे वर्ग सुरू झाले होते. १९७० मध्ये सरकारने चित्रपटनिर्मितीस भांडवल पुरविणारे महामंडळ स्थापन केले. १९७५ मध्ये पीटर वीअरचा ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ प्रदर्शित झाला आणि देशी कथापटांची परंपरा पुन्हा वाहू लागली. या नव्या चित्रपटांपैकी एकातही फिंच नाही.